अधिकार आणि अलंकार

आम्ही ज्या नगरात राहतो त्याच्या एका मोठ्या भागाचे नाव 'लष्कर' असे आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पडला. तंबूंच्या जागी पुढे वाडे उभे राहिले आणि वाड्यांच्या जागी आता दुकाने व दवाखाने आले आहेत. आज या लष्करात सराफ आहेत, शिंपी आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत आणि आमच्यासारखी काही जुनी मराठी घराणी आहेत. पत्रावर पत्ता घालताना आम्ही वर्षानुवर्षे तो शब्द लिहीत आलो. त्याचा मूळ अर्थ मनातही येत नाही. वापराने शब्द झिजतो आणि त्याबद्दल कोणी कोणास दोष देत नाही.

परंतु वस्तूंचे काय? युद्धाच्या गरजेतून घडलेली वस्तू युद्धाशी सुतराम संबंध नसलेल्या माणसाच्या अंगावर आली, तर तिच्यात किंवा त्या माणसात काही खोटेपणा शिरतो काय? हा प्रश्न गेल्या खंडेनवमीस आमच्या घरात निघाला. निमित्त होते एका मनगटी घड्याळाचे. उत्तर शोधता शोधता मात्र आम्हांस आमच्याच घरातील एका जुन्या गोष्टीचा हिशेब द्यावा लागला. ती हकीकत आणि त्यावरून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवतो.

आमचा पुतण्या बेंगळूरला नोकरी करतो. दसऱ्यासाठी तो घरी आला तेव्हा त्याच्यासोबत दोन मित्र होते, एक अभियंता आणि एक शल्यचिकित्सक. तिघांनाही घड्याळांचा शौक. नवमीच्या सकाळी चौरंगावर नेहमीप्रमाणे घरातली जुनी तलवार मांडली होती. शेजारी विळी, कातरी, शिवणयंत्राची फिरकी, स्कूटरची किल्ली. पुतण्याने मनगटावरचे घड्याळ काढले आणि ते तलवारीच्या अगदी जवळ ठेवले.

"अरे, हे शस्त्रांचे स्थान आहे. घड्याळ तिकडे, कातरीपाशी ठेव," आम्ही म्हणालो.

"काका, हेही शस्त्रासारखंच आहे. फ्रान्सच्या नौदलातल्या कमांडोंसाठी घडवलेलं."

"पण तू कुठे कमांडो आहेस?"

"छे! मला तर धड पोहताही येत नाही," तो हसून म्हणाला. घड्याळ त्याने उचलून कातरीपाशी ठेवले.

त्या वेळी आम्हांस विजय मिळाल्यासारखे वाटले. तो विजय किती पोकळ होता, हे त्याच दिवशी संध्याकाळी कळले.

आता त्या घड्याळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ट्युडर या स्विस कंपनीने ते २०२१ साली बाजारात आणले. 'पेलागोस एफएक्सडी' हे त्याचे नाव. ही कंपनी गेल्या शतकात, १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत, फ्रेंच नौदलास घड्याळे पुरवीत असे. तो जुना संबंध पुन्हा जोडून हे नवे घड्याळ फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांच्या, म्हणजे 'कमांडो ह्युबेर' या तुकडीच्या सहकार्याने घडवले गेले. ही तुकडी तुलोंजवळच्या सँ-मांद्रिए येथे असते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना पडलेल्या ऑगस्तँ ह्युबेर या तरुण अधिकाऱ्याचे नाव तिला दिलेले आहे.

घड्याळाची पेटी टायटॅनियमची, व्यास ४२ मिलिमीटर. हा धातू तसा आपल्याला परका नाही. ज्या इल्मेनाइट खनिजापासून तो निघतो ते केरळच्या आणि आमच्या पूर्वजांच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे. १७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर याने त्याचा प्रथम शोध लावला आणि १७९५ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणातील टायटन या भूमिपुत्रांवरून त्याचे नामकरण केले. तथापि खनिजातून शुद्ध धातू वेगळा करण्याची व्यवहार्य रीत सापडण्यास १९४० च्या सुमारास क्रोल यांची वाट पाहावी लागली. पोलादाहून तो सुमारे ४० टक्के हलका. समुद्राच्या पाण्यात गंजत नाही. चुंबकाने ओढला जात नाही. सागरी सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी हा शेवटचा गुण जिवाचा असतो, कारण काही सुरुंग लोखंडाच्या चुंबकत्वानेच उडतात. म्हणूनच १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या नौदलाने आयडब्ल्यूसी या कंपनीकडून टायटॅनियमची घड्याळे घेतली होती. टायटॅनियमचे पहिले मनगटी घड्याळ मात्र त्याहून जुने. ते १९७० साली जपानच्या सिटिझन कंपनीने केले. याच सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बेंगळुरात एचएमटीची घड्याळे होऊ लागली आणि आपल्या वडिलांच्या पिढीच्या मनगटांवर आली.

पुतण्याच्या घड्याळाचे वैशिष्ट्य त्याच्या दोन अंगांत आहे. सामान्य घड्याळाचा पट्टा दोन बारीक स्प्रिंगच्या कांड्यांवर अडकवलेला असतो. कांडी निसटली की घड्याळ समुद्रतळाशी. येथे त्या कांड्या वेगळ्या नाहीतच. पेटीच्या धातूतूनच त्या कोरून काढलेल्या आहेत. त्यामुळे धातूचा साखळीपट्टा बसत नाही, कापडी पट्टीच आरपार ओवावी लागते. दुसरे अंग म्हणजे काचेभोवतीचे फिरते कडे. पाणबुड्याच्या नेहमीच्या घड्याळात हे कडे एकाच दिशेने फिरते आणि पाण्यात किती मिनिटे गेली हे सांगते. चुकून धक्का लागून ते सरकलेच, तर गेलेला वेळ जास्तच दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. चूक झालीच तर ती जीव वाचवण्याच्या बाजूची व्हावी, ही त्यामागची योजना. या घड्याळात मात्र कडे दोन्हीकडे फिरते आणि त्यावरचे आकडे ६० कडून शून्याकडे, म्हणजे उलटे जातात. कारण या जवानांचे काम निराळे. रात्रीच्या अंधारात दोघे दोघे, एकमेकांस दोरीने जोडलेले, होकायंत्राच्या एका दिशेने ठरावीक वेगाने ठरावीक मिनिटे पोहतात. मिनिटे संपताच दिशा बदलतात. पाण्यात काही दिसत नाही, वर डोके काढता येत नाही. किती उरले, एवढेच घड्याळाने सांगायचे.

संध्याकाळी ओसरीवर चहा झाला आणि तिघा मित्रांचा वाद रंगला. आम्ही श्रोते होतो.

अभियंत्याचे म्हणणे असे: आजच्या बाजारात बहुतेक वस्तू खोट्या बढाईने भरलेल्या असतात. मोटारीला न लागणारे पंख, बुटाला न लागणारे टाके. या घड्याळात शोभेसाठी केलेली एकही गोष्ट नाही. याच कंपनीचे आधीचे, २०१२ सालचे टायटॅनियमचे घड्याळ ५०० मीटर खोलीचे होते. हे २०० मीटरचेच आहे. अनेक शौकिनांनी त्याबद्दल नाक मुरडले. पण ज्याचे काम पृष्ठभागाखाली थोड्याच मीटरांवर चालते, त्याला ५०० चा आकडा कशाला? धातूचा साखळीपट्टा लावता येत नाही म्हणून कुरकुर करणारांनी आपण काय विकत घेतले याचा आधी विचार करावा. "वस्तू प्रामाणिक असते ती अशी. तिने गरजेपुरतं बोलावं आणि गप्प बसावं."

शल्यचिकित्सकास हे मान्य नव्हते. त्याच्या मनगटावर त्याच्या वडिलांचे किल्लीचे एचएमटी 'जनता' होते. (हे घड्याळ करणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, घड्याळ अजून चालते.) तो म्हणाला, "घड्याळ प्रामाणिक आहे, पण त्या जवानाच्या हातावर. याच्या हातावर तेच घड्याळ खोटं बोलतं. हा त्या कड्यावर काय मोजणार? कुकरच्या शिट्ट्या? साध्या हौशी पाणबुड्यालाही एकाच दिशेने फिरणारं कडं सुरक्षित. म्हणजे यानं तीन लाखांवर पैसे मोजून आपल्याला लागणारी सोय सोडली आणि दुसऱ्याचा धोका विकत घेतला. तोही पाण्याबाहेर!"

पुतण्याचे म्हणणे या दोघांपेक्षा साधे होते. घड्याळ हलके आहे, हातात असल्याचे भानही राहत नाही. त्याचा राखी-निळा रंग त्याला आवडतो. टायटॅनियमवर ओरखडे लवकर उठतात याची काही लोक तक्रार करतात. त्याला ते ओरखडेही आवडतात. "मी कुणाला सांगत फिरत नाही की मी समुद्रात उतरतो. कुणी विचारलं तर मीच सांगतो, मला पोहता येत नाही. मग खोटं काय झालं?"

यावर शल्यचिकित्सकाने ते घड्याळ उपडे करून आमच्यापुढे धरले. पाठीवर फ्रेंच नौदलाचे चिन्ह कोरलेले होते आणि त्याखाली 'एम. एन.' ही अक्षरे व सालाचे दोन आकडे. जुन्या काळी नौदलाने जवानास दिलेल्या घड्याळांच्या पाठीवर ही अक्षरे कोरीत, तीही सालासकट. 'मारीन नासियोनाल', म्हणजे राष्ट्रीय नौदल. अर्थ एवढाच की ही वस्तू सरकारी मालकीची आहे, अमुक साली दिलेली आहे. आता पेढीवर पैसे टाकणाऱ्या कोणाही गिऱ्हाइकाच्या घड्याळावर तीच खूण असते. "ही खूण एकेकाळी नोंद होती. आता ती नक्षी झाली," तो म्हणाला. "आणि दुसरं सांगतो. मे २०१९ मध्ये बुर्किना फासोत ओलिसांची सुटका करताना याच ह्युबेर तुकडीचे दोन जवान मारले गेले. सेद्रिक द पिएरपाँ आणि आलँ बेर्तोंचेल्लो. घड्याळ बाजारात आलं त्याच्या दोनच वर्षं आधी. त्या दोघांनी जे दिलं त्याची झळाळी या धातूवर आहे. ती विकण्याचा अधिकार कुणाचा, आणि विकत घेण्याचा तरी कुणाचा?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग विषय बदलावा म्हणून की काय, त्याने आतल्या चौरंगाकडे बोट केले. "काका, ही तलवार कुठल्या लढाईतली?"

आम्ही उत्तर देण्याआधीच पुतण्या उत्साहाने बोलू लागला. "महाराजपूरची. २९ डिसेंबर १८४३. इंग्रजांविरुद्ध शेवटपर्यंत तोफांजवळ उभे होते आमचे पूर्वज. काकांनीच सांगितलंय मला लहानपणी."

आम्ही गप्प राहिलो. मान हलवली की नाही, हे आता आठवत नाही; बहुधा हलवली असावी.

त्या रात्री झोप लागली नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यातले मोडी कागद आमच्या वडिलांनी आम्हांस तरुणपणीच वाचून दाखवले होते आणि वाचून झाल्यावर पेटी पुन्हा बंद केली होती. त्या कागदांप्रमाणे १८४३ साली आमचे खापरपणजोबा पागेकडे कारकून होते. घोड्यांच्या दाण्याचा आणि वैरणीचा हिशेब त्यांच्याकडे असे. महाराजपुरास ते गेल्याचा उल्लेख कोठेही नाही. आणि तलवार? शके १८०८ मधील, म्हणजे १८८६ सालची एका सराफाची पावती त्याच दप्तरात आहे. गहाण पडलेली आणि कोणी न सोडवलेली एक तलवार आमच्या पणजोबांनी १७ रुपयांस विकत घेतली. त्याच साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला होता. गावात अभिमानाचे वारे असेल, आपल्याही घरी काही असावे असे त्यांना वाटले असेल. हा आमचा तर्क. पणजोबांनी काही खोटे सांगितल्याचा पुरावा नाही. आजोबांच्या काळात तलवार 'जुनी' झाली, वडिलांच्या काळात ती 'रणांगणातली' झाली, आणि लढाईचे नाव व तारीख तिला आम्ही दिली. सात वर्षांच्या पुतण्याला मांडीवर घेऊन.

सकाळी ज्या मुलाचे घड्याळ आम्ही चौरंगावरून उठवले त्याने आपल्या वस्तूविषयी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. आणि ज्या तलवारीच्या प्रतिष्ठेसाठी ते उठवले, तिच्याविषयी आम्ही पस्तीस वर्षे खोटे बोलत आलो होतो.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. वस्तू खोटी असते म्हणजे काय? असत्यास विधान लागते. पदक हे विधान आहे: 'या माणसाने अमुक पराक्रम केला' असे ते सांगते. म्हणून दुसऱ्याचे पदक छातीवर लावणे हा सरळ खोटेपणा होय, तोंडाने एक शब्द न उच्चारता केलेला. अवजार तसे नसते. कुदळ 'मी विहीर खणली' असे सांगत नाही, 'माझ्याने विहीर खणता येते' एवढेच सांगते. घड्याळाची अंगे अवजाराची आहेत; त्याच्या कड्यात आणि कांड्यांत कोणतेही विधान नाही. जे कधी वापरले जाणार नाही ते बाळगणे हाही दोष म्हणता येणार नाही. आग लागेल म्हणून आपण वाळूच्या बादल्या ठेवतो आणि त्या कधी वापराव्या लागू नयेत अशीच इच्छा करतो. मोठमोठे कोश आपण घेतो; त्यातले किती शब्द पाहतो? सामर्थ्य राखून ठेवणे हे ढोंग नव्हे.

परंतु पाठीवरच्या खुणेचे काय? ती अवजाराची नाही, पदकाच्या जातीची आहे. शल्यचिकित्सकाचा आक्षेप खरा आहे तो येथे. मात्र एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. ती खूण मनगटाच्या कातडीला चिकटलेली असते. जगाला ती दिसत नाही. ती वाचणारा एकटा मालक. तेव्हा तीत असत्य असेल तर ते स्वतःशी बोललेले असत्य होय. स्वतःशी बोललेले असत्य कमी घातक असते असे नाही. पण त्याचा निवाडा बाहेरच्याने करण्याजोगा नाही. ती खूण रोज रात्री घड्याळ काढताना ज्याला 'मी त्यांच्यातला' असे सांगत असेल, त्याच्यासाठी ती लबाडी आहे. 'हे मी केलेले नाही, ज्यांनी केले त्यांच्यातले काही परतले नाहीत' असे ज्याला सांगत असेल, त्याच्यासाठी ती ऋणाची नोंद आहे. अक्षरे तीच.

यावर कोणी म्हणेल की ही पळवाट झाली. सगळेच आपापल्या मनावर सोडले तर नीती उरली कोठे? आक्षेप योग्य आहे. म्हणून एक बाह्य कसोटी सांगतो, आणि ती आम्हांस दुसऱ्या दिवशीच्या सोन्याने सुचवली. दसऱ्यास आपण आपट्याचे पान 'सोने' म्हणून देतो. घेणारा ते सराफाकडे नेत नाही. देणारा, घेणारा, पाहणारा या सर्वांना ते पान आहे हे ठाऊक असते आणि ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच, ते सोने म्हणून घेण्यात आनंद असतो. त्यात फसवणूक नाही, कारण खरे काय ते कोणापासूनही दडवलेले नाही. कसोटी ही: ज्या वस्तूचा बहाणा तिची खरी हकीकत सांगितल्यावरही टिकतो, तो बहाणा निर्दोष. ज्याचा बहाणा हकीकत दडवल्याशिवाय टिकत नाही, तो खोटेपणा. पुतण्याचे घड्याळ या कसोटीस उतरते. 'मला पोहता येत नाही' असे सांगूनही त्याचा आनंद उणा होत नाही. आमची तलवार उतरत नव्हती. पावती पेटीत असेपर्यंतच ती महाराजपूरची होती.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती या कसोटीत मावत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात मनगटावरचे घड्याळ हा स्त्रियांचा दागिना समजला जाई. खंदकातल्या शिपायांनी ते मनगटावर बांधले आणि मग सर्व पुरुषांनी. सैनिकाचे अवजार उद्या सगळ्यांचा अलंकार होते, ही वाट जुनीच आहे. तिच्यात धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. युद्धाच्या वस्तू सुंदर दिसू लागल्या की युद्धही सुंदर वाटू लागते, आणि ते तसे वाटते ते नेहमी ज्यांना त्यात जावे लागत नाही त्यांना. १८४३ साली महाराजपुरास जे पडले त्यांच्या घरी बहुधा तलवार भिंतीवर राहिली नसेल. ती सराफाकडे गहाण पडली असेल. ज्या घराची तलवार आमच्याकडे १७ रुपयांस आली, त्या घरावर काय गुदरले होते हे आमच्या चार पिढ्यांत कोणी विचारले नाही. आम्ही गोष्ट रचताना त्यांच्या पराक्रमाबरोबर त्यांचे दुःखही पुसले. घड्याळाच्या शौकिनांमध्ये त्या शल्यचिकित्सकासारखा एक तरी माणूस असतो, जो वस्तू उपडी करून ती दोन नावे मोठ्याने उच्चारतो. आमच्या घरात तसा कोणी झाला नाही.

दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनाहून परतल्यावर, सोने देण्याआधी, आम्ही तो कागद चौघांपुढे ठेवला आणि वाचला. पुतण्या बराच वेळ गप्प होता. त्याचे लहानपणचे काहीतरी आम्ही त्याच्याकडून परत घेत होतो, हे दिसत होते. शल्यचिकित्सक खाली पाहत होता; आपण तो प्रश्न विचारायला नको होता असे त्याला वाटले असावे.

मग पुतण्याने विचारले, "काका, त्या कारकून आजोबांचा दाण्याचा हिशेब आहे का अजून?"

"आहे. दोन बंद आहेत."

"जुळतो का?"

आम्ही तो कधी तपासला नव्हता. त्या दुपारी अभियंता, पुतण्या आणि आम्ही असे तिघे ओसरीवर बसलो. मोडी आम्ही वाचायची, बेरीज त्यांनी करायची. घोडे किती, शेर किती, दिवस किती. एका महिन्यात तीन शेरांची तूट होती आणि पुढच्या महिन्यात ती स्वतःच्या वेतनातून भरल्याची नोंद होती. बाकी हिशेब जुळला. "म्हणजे घोडी उपाशी राहिली नाहीत," पुतण्या म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

आमच्या घराण्यास जर कशाचा अधिकार असेल तर तो या दोन बंदांचा आहे. ते आम्हांस विकत घ्यावे लागले नाहीत आणि त्यांच्यासाठी गोष्टही रचावी लागली नाही. तलवार आम्ही टाकून देणार नाही. ती कोणा अनामिक शिपायाच्या घरातून आलेली ठेव आहे असे समजून तिची पूजा पुढेही होईल; मात्र तिच्याखाली आता सराफाची पावती ठेवलेली असेल, कोणी विचारले तर दाखवण्यासाठी. येत्या खंडेनवमीस दाण्याचा हिशेब आणि बोरू चौरंगावर मध्यभागी मांडायचे ठरले आहे. घड्याळ कोठे ठेवावे हे पुतण्याने ठरवावे, असे आम्ही त्यास सांगितले. तो म्हणाला, कातरीपाशीच बरे आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, इंदुरास, बडोद्यास, हैदराबादेस, बेळगावास, अशी एखादी तलवार, ढाल किंवा कट्यार असेल आणि तिच्यासोबत एक लढाईही असेल. ती लढाई खरी असेल तर आनंदच आहे. नसेल, आणि ते ठाऊक असणारे घरात आता एकच माणूस उरले असेल, तर त्याने पेटी पुन्हा बंद करू नये एवढेच आमचे सांगणे. आमच्या वडिलांनी ती बंद केली आणि त्यांच्यामागे आम्हीही. घरातील नवी पिढी आपण समजतो त्याहून अधिक सत्य पेलू शकते, हे आम्हांस उशिरा कळले.